तिसऱ्या नावापुढची चौकट

बर्फाळ उत्तरेकडच्या आमच्या तालविक गावातल्या कुठल्याही रॉक बँडवाल्याला विचारा. स्टेजवर चढताना तो जेवढा घाबरला नसेल, तेवढा हजेरीपत्रक घेऊन बेरित फोर्सेलच्या टेबलापुढे उभं राहताना घाबरलेला असतो. आमच्याकडे बँड म्हणजे कागदोपत्री अभ्यासगट. तीन माणसं जमवायची, त्यांतल्या एकाला प्रमुख करायचं आणि मोठ्या माणसांच्या छंदांना जागा देणाऱ्या अभ्यासमंडळात नाव नोंदवायचं, की मंडळाच्या तळघरातली एक खोली मिळते, ड्रम्स आणि अ‍ॅम्प्लिफायरसकट. बदल्यात दर आठवड्याला ज्याच्या त्याच्या नावापुढच्या चौकटीत हजेरीची खूण करायची आणि सहामाही सत्र संपलं की तो कागद बेरितला नेऊन द्यायचा. मातीची भांडी करणारे, स्पॅनिश शिकणारे, मधमाश्या पाळणारे, सगळ्यांना नियम हाच. तिघांपेक्षा कमी माणसं म्हणजे गट नाही, आणि गट नाही म्हणजे खोली नाही.

बेरित एकतीस वर्षं हे कागद तपासत होती. तारीख विसरली, परत. पेन्सिलने लिहिलं, परत. एकदा एका आडदांड बँडने हजेरीपत्रकावर भलीमोठी कवटी काढून पाठवली. बेरितने कवटीबद्दल चकार शब्द काढला नाही. प्रमुखाची सही नव्हती म्हणून कागद परत केला. बिचाऱ्यांनी नव्या कागदावर पुन्हा कवटी काढली, खाली नीट सही केली आणि तो निमूटपणे आणून दिला.

एवढ्या वर्षांत तळघरात वाजलेल्या शेकडो बँडपैकी एकही तिने ऐकला नव्हता. आग विझवायच्या नळकांड्यांवरची तारीख बघायला ती वर्षातून दोनदा खाली जायची, तेही सकाळी, सगळं सामसूम असताना. तिचे वडील चॅपलमध्ये ऑर्गन वाजवायचे. लहानपणी ती त्यांच्या डाव्या हाताला उभी राहून पानं उलटायची. पान उलटायला जरा उशीर झाला की वडील मान न वळवता कोपराने ढोसायचे. म्हणून ती सुरांकडे लक्षच द्यायची नाही, ओळी मोजत राहायची. संगीतात आपल्या वाट्याला कागद येतो, हे तिच्या डोक्यात तेव्हा बसलं ते बसलंच.

या काटेकोरपणापायी तिने एक माणूस गमावलं होतं. तिची धाकटी बहीण आस्ता. आस्ताचा विणकामाचा गट होता, तीन बायका आणि एक मोठा माग. एका वर्षी तिसरी बाई हॉस्पिटलात पडली आणि आस्ताने सहा आठवडे तिच्या नावापुढे खुणा करून वेळ मारून नेली. बेरितला ते कळलं. तिने कागद बाद केला, गट मोडला, माग दुसऱ्या गावी गेला. आस्ता तिच्या दारात येऊन म्हणाली होती, "तुला माणसं दिसतच नाहीत गं. नुसत्या चौकटी दिसतात." याला दहा वर्षं होऊन गेली. एका गावात राहून दोघी बहिणी दुकानात समोरासमोर आल्या की हवेबद्दल दोन वाक्यं बोलायच्या आणि आपापली पिशवी घेऊन निघून जायच्या.

२००६ च्या फेब्रुवारीत वरच्या कचेरीतून हुकूम आला. कुठे कुठे नुसते कागदावरचे गट सापडले होते. तेव्हा दहातल्या एका गटाला न सांगता भेट द्यायची आणि तपासणीचा कागद भरून पाठवायचा. बेरितला गट निवडायला विचार करावा लागला नाही. ‘व्हेंडप्लाट्स’ नावाचा बँड तिला महिनाभर खटकत होता.

रस्ता संपतो तिथे बस वळवायला मोकळी जागा ठेवतात, तिला आमच्याकडे व्हेंडप्लाट्स म्हणतात. स्वतःच्या बँडला असलं नाव ठेवणारी माणसं किती वर चढू पाहत असतील, ते दिसतंच आहे. अकरा वर्षं दर मंगळवारी चार ते साडेसहा सराव, आणि गावातल्या एकाही माणसाने त्यांना ऐकलेलं नव्हतं. गिटार आणि गाणं यॉर्गनचं. तो हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ हटवायची गाडी चालवायचा. ड्रम्सवर लाकडाच्या गिरणीतला रोलान्ड. बेस गिटार रोलान्डची बायको कायसा वाजवायची. तिघं कधी उशिरा कागद द्यायचे नाहीत, पेन्सिल वापरायचे नाहीत. बेरितच्या लेखी आदर्श गट.

सत्राअखेरीला आलेल्या कागदात खटकलं ते सप्टेंबरातलं. एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या, शिकारीचा पहिला आठवडा आला की आमच्याकडे निम्मं गाव जंगलात असतं. शाळेत मास्तर नसतात, गिरणीत माणसं नसतात. कायसा ही पक्की शिकारी. दहा वर्षांचे कागद काढून बघा, त्या मंगळवारी तिच्या नावापुढे रिकामी चौकट, आणि दोघंच उरल्यामुळे त्या दिवसाची बैठक बाद. गेल्या सप्टेंबरात मात्र कायसा हजर. कुठली बाई एल्कच्या आठवड्यात बंदूक घरी ठेवून तळघरात बसेल? या भागातल्या माणसाने कागदावर खोटं लिहायचं ठरवलं तर तो बाकी सगळं सांभाळेल, पण हात सवयीने पुढे जाईल आणि नेमका तो आठवडा विसरेल. बेरितने त्या चौकटीखाली लाल रेघ मारून ठेवली होती.

मंगळवारी सव्वाचारला ती खाली उतरली. दाराशी बूट काढायची पद्धत, म्हणून पायात लोकरी मोजे, हातात फळीवर अडकवलेला तपासणीचा कागद आणि त्याखाली या गटाची मागची हजेरीपत्रकं. खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती. ती दार वाजवायला हात उचलणार, एवढ्यात आत गाणं सुरू झालं. गाणं चालू असताना आत घुसणं बरं दिसत नाही, म्हणून ती थांबली.

यॉर्गन एकाच तारेवर तेच तेच चार सूर वाजवत होता, अगदी सावकाश. ड्रम्स त्याहून सावकाश. मग तो गायला लागला. त्याला गाणं तरी कसं म्हणावं. कुठल्या रस्त्यावर किती बर्फ साचलाय हे फोनवरून कळवतात, तशा आवाजात तो सांगत होता:

शेवटच्या थांब्यावर कुणी उतरत नाही,
तरी दार उघडावं लागतं.
आठ मिनिटं थांबायचं असतं,
तेवढं मी थांबतो.

मग एकदम दोघं मिळून जोरात वाजवायला लागले. भिंतीला टेकलेला बेरितचा खांदा थरथरला. आणि त्या सगळ्या आवाजाच्या मधोमध एक जागा मोकळी होती. बेरितला संगीतातलं काही कळत नव्हतं, पण गैरहजेरी तिच्याइतकी कुणाला कळणार? एका ठरावीक ठिकाणी रोलान्डचे ड्रम्स थांबत होते, यॉर्गनची तार थांबत होती, कुणी बोलत असेल तर आपण गप्प बसावं तसं. मग दोघं पुन्हा एकत्र सुरू व्हायचे. त्या मोकळ्या जागेत काहीच वाजत नव्हतं, आणि तिथेच बेरितने दाराला कान लावला.

ते गाणं संपलं, दुसरं सुरू झालं, मग तिसरं. ती ओळी मोजत नव्हती. पाय गारठून बधिर झाले तेव्हा तिच्या लक्षात आलं की पाऊण तास होत आला आहे. तिला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. तिने नाक पुसलं आणि दार वाजवलं.

"तपासणी," ती म्हणाली.

"अरे बापरे," यॉर्गन म्हणाला. "ये, बस. कॉफी घे आधी."

"कॉफी नको. तिसरी कुठे आहे?"

खोलीत तीन खुर्च्या होत्या. तिसरीवर एक राखाडी स्वेटर घडी करून ठेवला होता. शेजारी बेसचा अ‍ॅम्प्लिफायर चालू होता, त्याचा लाल दिवा पेटलेला. बेस गिटार भिंतीला टेकवलेली.

"तिला आज जरा बरं नाहीये," यॉर्गन म्हणाला.

"आणि एल्कच्या आठवड्यात बरं होतं?"

यॉर्गनने रोलान्डकडे बघितलं. रोलान्डने काठ्या मांडीवर ठेवल्या.

"पुरे झालं, यॉर्गन," तो म्हणाला. "कायसा गेली, बेरित. चौदा महिने झाले. कॅन्सर होता."

रोलान्डचं घर नदीच्या वरच्या अंगाला चाळीस किलोमीटरवर. दफन तिथल्याच चर्चच्या आवारात झालं होतं. वर्तमानपत्रात काळ्या चौकटीतली बातमीही आली होती, पण ती बेरितने वाचली नव्हती. तिच्या कागदावर कायसा दर मंगळवारी हजर होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून?" रोलान्ड म्हणाला. "तू काय केलं असतंस ते सगळ्या तालविकला माहितीये. तीन नाहीत म्हणजे गट नाही. खोली गेली असती. ही खोली गेली तर ती कुठे राहील, सांग. घरी तिचे कपडेसुद्धा मी देऊन टाकले. ती आहे ती इथेच आहे, त्या खुर्चीवर. मी मंगळवारी तिच्या नावापुढे खूण करतो ना, तेवढ्यावर माझा आठवडा निघतो."

बेरितला आस्ता आठवली, दारात उभी असलेली. त्या वेळी बेरित स्वतः हॉस्पिटलात जाऊन त्या तिसऱ्या बाईला बघूनसुद्धा आली नव्हती.

"मगाचचं पहिलं गाणं," ती म्हणाली, "बसचं. ते परत वाजवा."

"तू कधीपासून उभी होतीस बाहेर?" यॉर्गनने विचारलं.

"वाजव म्हटलं ना."

त्यांनी वाजवलं. ती दाराशी उभी राहून ऐकत होती, कारण कायसाच्या खुर्चीवर बसायची तिची हिंमत झाली नाही. संपल्यावर तिने फळीवरचे कागद सरळ केले.

"खुणा काढाव्या लागतील," ती म्हणाली. "चौदा महिन्यांच्या. मला हे जमणार नाही, रोलान्ड. खोटी खूण मी ठेवू शकत नाही, कितीही वाईट वाटलं तरी. आणि मला वाटतंय वाईट."

"मग तू काढ. माझ्या हाताने होणार नाही."

तिने पट्टी आणि पेन काढलं आणि तिथेच, यॉर्गनच्या गिटारच्या पेटीवर कागद ठेवून, एकेक खूण खोडली. प्रत्येकीशेजारी आपली सही केली. पन्नासच्या वर खुणा होत्या. तिला बराच वेळ लागला. शेवटची झाल्यावर रोलान्ड म्हणाला, "झालं समाधान? संपलो आम्ही."

"संपला नाहीत. तिसरं माणूस आणा."

"तिच्या जागी कुणी नको."

"जागेवर कोण बसतंय? खुर्ची वेगळी आणू. तिसऱ्याने काही वाजवायलाच पाहिजे असं नियमात कुठेही नाही, मी एकतीस वर्षं वाचतेय. त्याने यायला पाहिजे, एवढंच आहे."

"आणि इथे येऊन नुसतं बसणार कोण?" यॉर्गन म्हणाला. "अकरा वर्षांत कुणी फिरकलं नाही."

"मी," बेरित म्हणाली.

पुढचे तीन आठवडे कागदांत गेले. स्वतः ज्या गटात आहोत त्याचे कागद स्वतः तपासायचे नाहीत, म्हणून तिने व्हेंडप्लाट्सची फाइल शेजारच्या गावातल्या कचेरीकडे सोपवायची परवानगी मागितली. घडलेलं सगळं खरं लिहिलं, स्वतःची चूकही: चौदा महिने मी या गटाला भेट दिली नाही. तिकडच्या साहेबाने फोन करून विचारलं, "बेरित, तुला बरं नाहीये का? रॉक बँड?" ती म्हणाली, "एकदा येऊन ऐक, मग विचार." गटप्रमुख म्हणून यॉर्गनला लेखी समज मिळाली आणि खोली राहिली. खोलीसाठी रांगेत असलेल्या गटाला तिने आपला सभेचा वरचा हॉल मंगळवार-गुरुवार काढून दिला आणि त्यांचे ड्रम्स वर चढवायला स्वतः हात लावला.

ती घरून एक घडीची खुर्ची घेऊन आली. थर्मास, जाड मोजे. पहिले काही मंगळवार रोलान्ड तिच्याशी बोललाच नाही. गाणं संपलं की यॉर्गन तिच्याकडे बघायचा आणि ती म्हणायची, "हं. पुढचं." याहून जास्त दाद तिला देता येत नव्हती. मार्चच्या शेवटी एकदा निघताना रोलान्डने तिच्या हातात एक कॅसेट ठेवली. "हिच्यात ती आहे," तो म्हणाला आणि वळून काठ्या आवरायला लागला.

बेरितने ती कॅसेट स्वयंपाकघरातल्या टेपवर लावली. बटाटे सोलता सोलता सुरी खाली ठेवली. तीच गाणी होती, आणि मधल्या त्या मोकळ्या जागेत खालून एक जाड, शांत सूर चालत होता, बाजूला न होणारा. आठवडाभर ती तेवढंच ऐकत राहिली. पुढच्या मंगळवारी खोलीत दोघं वाजवायला लागले आणि ती जागा आली, तेव्हा तिला कायसाचे सूर जसेच्या तसे ऐकू आले. तिने बोटाने गुडघ्यावर त्यांचा ठेका धरला. रोलान्डने ड्रम्समागून ते बघितलं. त्या दिवशी तो पहिल्यांदा म्हणाला, "कॉफी उरलीये का गं?"

मे महिन्यात मंडळाचं प्रदर्शन असतं. विणणारे कापड टांगतात, भांडीवाले भांडी मांडतात. व्हेंडप्लाट्सने दरवर्षी नकार दिला होता.

"आम्हाला कोण ऐकणार?" यॉर्गन म्हणाला.

"अकरा वर्षं अभ्यास केलात ना? मग काय शिकलात ते दाखवा."

दुपारी एकला वरच्या हॉलमध्ये एकोणीस माणसं जमली, त्यांतली निम्मी दालचिनीच्या बनसाठी. बेरितने बेसचा अ‍ॅम्प्लिफायर स्वतः वर आणवून मधे ठेवला आणि चालू केला. चार गाणी झाली. टाळ्या उशिरा पडल्या, कारण संपलं हे कुणाला कळलंच नाही. एकजण पुढे येऊन यॉर्गनला म्हणाला, "बर्फाची गाडी चालवतोस तो तूच ना रे? हे कुठे लपवलं होतंस?"

आस्ताला बेरितने चिठ्ठी पाठवून बोलावलं होतं; ती मागे दाराशी उभी होती. अंगावरचा कोट तिने काढला नव्हता. सगळे बनकडे वळल्यावर ती बेरितजवळ आली.

"ती मधली जागा कुणाची?"

"कायसाची. रोलान्डची बायको. गेली ती."

"आणि तिच्या खुणा तू खोडल्यास. ऐकलं मी."

"हो."

"माझ्याही खोडल्या होत्यास."

"हो," बेरित म्हणाली. "तेव्हा मी आत येऊन बघितलं नव्हतं. ते चुकलं माझं."

आस्ताने कोटाची बटणं लावली, मग पुन्हा काढली. "हे ऐकवायला दहा वर्षांनी बोलावतेस होय मला?" ती म्हणाली. "जा, एक बन आण. दालचिनी भरपूर असलेला."

बेरित मग सात वर्षं दर मंगळवारी खाली गेली. निवृत्त झाल्यावरही गेली. बँड प्रसिद्ध बिसिद्ध झाला नाही. मेच्या प्रदर्शनातली माणसं एकोणिसावरून साठावर गेली, एवढंच. पण गावात कुठेही रांगेत उभी असली की ती शेजारच्याला म्हणायची, "व्हेंडप्लाट्स ऐकलंस का? मग ऐक." लोक तिला टाळायला लागले आणि मग निमूटपणे ऐकायलाही लागले. एकदा तापाने फणफणली असताना तिने यॉर्गनला फोन केला: "आज येत नाही. माझ्या नावापुढे खूण केलीस तर याद राख."

"मग आजची बैठक बाद होईल ना, बाई."

"होऊ दे बाद. वाजवायला कुणी बंदी केलीये का?"

२०१३ च्या ऑक्टोबरात, एका रविवारी सकाळी, आस्ताकडे जायला म्हणून ती बूट घालायला बसली आणि तशीच बसल्या बसल्या गेली. आस्ताने संध्याकाळी रोलान्डला फोन केला. म्हणाली, पुढच्या मंगळवारपासून माझं नाव घाला, मी येईन. या मंगळवारी मात्र नाही जमणार मला.

मंगळवारी चार वाजता दोघं खाली आले. घडीची खुर्ची उघडी होती. खाली बेरितचे जाड मोजे गुंडाळून ठेवलेले. रोलान्डने हजेरीपत्रक मांडीवर घेतलं. यॉर्गनच्या नावापुढे खूण केली, स्वतःच्या नावापुढे केली, आणि पेन तिसऱ्या नावापाशी थांबलं.

"कर," यॉर्गन म्हणाला. "एक दिवस. कोण विचारणार आहे?"

रोलान्डने पेनला टोपण लावलं आणि चौकट रिकामी ठेवून कागद फळीवर अडकवला. त्या दिवसाची बैठक नियमाने बाद झाली.

त्याने कायसाचा अ‍ॅम्प्लिफायर चालू केला, लाल दिवा पेटला, आणि दोघांनी बसचं गाणं सुरू केलं. ते संपल्यावर यॉर्गनने सवयीने खुर्चीकडे बघितलं, थोडा वेळ थांबला, आणि मग पुढचं सुरू केलं.